वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप (महाराष्ट्र)

एका वर्गाच्या पालकांसाठी वर्गशिक्षकाने चालवलेला ग्रुप. गृहपाठ, सुट्टी, स्कॉलरशिपचे फॉर्म, पालकसभा, सगळे निरोप यावरच येतात, ते काही वेगळं सांगायला नको. जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे तसा शहरातल्या इंग्रजी मीडियममध्येही आहे, तिकडे बऱ्याचदा जोडीला शाळेचं स्वतःचं ॲप असतं.

सुरुवात कधी झाली यावर एकमत नाही. बरेच जण ती २०२० च्या लॉकडाऊनमधली धरतात. दुसरं मत असं की २०१५ साली राज्य सरकारच्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा जीआर निघाला, त्याच वर्षी शाळा आणि विद्यार्थ्यांची माहिती भरायची सरल ही सरकारी प्रणाली आली, ऑनलाइन माहिती भरायच्या निमित्ताने केंद्रातल्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या) शिक्षकांचे आपापसात ग्रुप झाले आणि तीच सवय पुढे पालकांपर्यंत गेली. ग्रुपची सोय तर व्हॉट्सॲपवर २०११ पासूनच होती, सदस्यांची मर्यादा २०१६ मध्ये १०० वरून २५६ झाली, पण वर्ग ४० पोरांचा असेल तर १०० सुद्धा पुरतात, म्हणजे अडचण मर्यादेची नव्हती, नेटपॅकच्या पैशांची होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, त्यामुळे खेड्यातल्या पालकांचे ग्रुप त्यानंतरच्या दोनेक वर्षांत वाढले असावेत हे मत जास्त पटणारं आहे. लॉकडाऊनने ते पक्के केले एवढंच. वरून आदेश येऊन ही पद्धत पडली नाही, ती शिक्षकांनी आपल्याच फोनवर, आपल्याच रिचार्जवर उभी केली, आणि याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

जून २०१८ मध्ये ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ ही सेटिंग आली. गुड मॉर्निंग आणि फॉरवर्डचा पूर त्याने थांबला, पण पालकाचा प्रश्नही बंद झाला आणि ग्रुपचा नोटीस बोर्ड झाला, म्हणून काही शिक्षक संध्याकाळी तासभर ग्रुप उघडा ठेवतात, तेच बरं. कुणी सदस्याने आक्षेपार्ह काही टाकलं तर ॲडमिन अडकतो का, ही भीती शिक्षकांना कायम असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात (ते शाळेचं नव्हतं) सांगितलं की सदस्य काय टाकणार हे ॲडमिन आधीच रोखू शकत नाही, दोघांचा मिळून तसा बेत होता हे दिसल्याशिवाय त्याला जबाबदार धरता येत नाही.

कोरोनाच्या काळात शिक्षण विभागाच्या ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ उपक्रमाचे रोजचे धडे, नोव्हेंबर २०२० पासून ‘स्वाध्याय’ या साप्ताहिक सरावाचे प्रश्न, हे फोनवर व्हॉट्सॲपच्याच वाटेने पोचले. टीव्हीवर सह्याद्री वाहिनीची ‘टिलीमिली’ मालिका होती. पहिलीत जाणाऱ्या मुलांसाठीच्या २०२२ च्या शाळापूर्व तयारी अभियानात गावोगावी माता गट झाले, त्यांनाही घरी करून घ्यायच्या कृतींचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवरच गेले.

उणीव फोनची आहे. खेड्यातल्या मुलांच्या शिक्षणाच्या ‘असर’ या देशभरच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी घरात स्मार्टफोन असलेली २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती, २०२० मध्ये ६१.८ टक्के झाली. पण घरात फोन आहे म्हणजे तो पोराच्या हातात आहे असं नाही, बाप दिवसभर फोन घेऊन कामावर असतो, रात्री आल्यावर आई बल्बखाली वही धरून आडवातिडवा फोटो काढते आणि तो साडेनऊला ग्रुपवर पडतो. बीडकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या फडावर जातात, पोर आजीपाशी राहिलं तर फोन आईबापासोबत गेलेला असतो, निरोप फडात वाचला जातो आणि पोर गावात असतं. अशा घरांसाठी आजीच्या शेजाऱ्याचा नंबर ग्रुपला जोडून घेणं हा साधा उपाय आहे आणि तो प्रत्येक शाळेने करावा.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, वर्गाच्या ग्रुपवर पडणाऱ्या पोरांच्या फोटोंबद्दल मात्र त्यात वेगळं काही म्हटलेलं नाही.