बॅग पट्ट्यावर आली नाही? मुंबई विमानतळ सोडण्याआधी हे वाचा
(आमच्याकडून विमानाचं तिकीट काढून परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या ग्राहकांसाठी)

पासपोर्टची मुदत किती हवी, विमानतळावर किती तास आधी पोचायचं, हे आता सोलापुरात सगळ्यांना पाठ आहे. ते इथे पुन्हा सांगत नाही. हे पत्रक छापलं ते एका फोनमुळे. दर सुट्टीच्या हंगामात हा फोन येतो, बहुधा पहाटे, आणि बहुधा मुंबईहून परतताना भिगवण-इंदापूरच्या दरम्यान गाडीतून: "मालक, माणसं आलो, बॅगा काय आल्या नाहीत ओ. तेवढं बघा की."

बघतो. पण गाडी भिगवणला पोचल्यावर बघण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं.

होतं असं. लंडनहून आखातातल्या एखाद्या विमानतळावर विमान बदलून कुटुंब मुंबईला यायचं असतं. पहिलंच विमान दोन तास उशिरा सुटतं. बदलायला जेमतेम तासभर उरतो. आजीला व्हीलचेअरवर बसवून, पोरांना ओढत माणसं कशीबशी दुसरं विमान गाठतात. बॅगांना मात्र विमानाच्या पोटातून उतरायचं, तपासणीतून जायचं, मग दुसऱ्या विमानाकडे जायचं असतं. त्या मागे राहतात आणि बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत पुढच्या विमानाने येतात. इथवर काही बिघडलेलं नसतं.

बिघडतं ते मुंबईत. रात्रीचे अडीच वाजलेले, पट्टा थांबलेला, धाकटं ट्रॉलीवरच झोपलेलं, आणि ड्रायव्हरचा तिसरा फोन की पार्किंगचं मीटर पळतंय. कुणीतरी म्हणतं, "चला, घरी जाऊन बघू." सगळे कस्टमच्या ग्रीन चॅनलमधून (ड्यूटी भरण्यासारखं काही नाही त्यांचा रस्ता) बाहेर. एकदा बाहेर पडलात की आत सोडत नाहीत. परवानगी काढायला वेगळी फिराफिर.

म्हणून सांगतो, बॅग आली नाही तर पट्ट्याजवळच, कस्टमच्या अलीकडे, विमान कंपनीचं सामान-तक्रारीचं काउंटर असतं, तिथे जा. तिकीट कोणत्याही कंपनीचं असो, मुंबईत ज्या कंपनीच्या विमानातून उतरलात तिच्याकडेच तक्रार करायची. तिथे जो रिपोर्ट होतो त्याला पीआयआर म्हणतात. रांग असते, अर्धा-पाऊण तास जातो. जाऊ द्या. ड्रायव्हरला चहा प्यायला सांगा.

त्या कागदावर बहुधा पाच अक्षरं आणि पाच आकडे असा नंबर मिळतो. मुंबईत केलेल्या रिपोर्टची पहिली तीन अक्षरं बीओएम. हा नंबर असला की बॅग कुठे आहे ते आम्ही ऑफिसात बसून बघू शकतो, कंपनीच्या मागे लागू शकतो. नंबर नसला तर कंपनीचा पहिला प्रश्न हाच, "रिपोर्ट केला होता का?" आणि मग आमचे दोन दिवस फोनवर जातात, तुमचेही.

काउंटरवर जाताना चेक-इनच्या वेळी दिलेली दहा आकडी चिठ्ठी हातात हवी. बोर्डिंग पासच्या मागे चिकटवतात, आणि लोक ती कचऱ्यात टाकतात. मिळाल्या मिळाल्या फोटो काढून ठेवा. कुटुंबाच्या सगळ्या बॅगा पुष्कळदा एकाच माणसाच्या नावावर चढतात, तेव्हा तक्रार कुणाच्या नावाने करायची ते चिठ्ठीवर बघा. रिपोर्टमध्ये सोलापूरचा पूर्ण पत्ता पिनकोडसकट लिहा, मोबाइल नंबर भारतातला द्या, आणि बॅग घरपोच हवी असं स्पष्ट सांगा. सांगितलं नाही तर "मुंबईला येऊन घेऊन जा" ऐकावं लागतं. बॅग मागे राहिल्याची नोंद कस्टमकडूनही करून घ्या. नंतर येणाऱ्या सामानाला ड्यूटीची सवलत मिळताना ती लागते.

"हे सगळं तुम्हीच का करत नाही?" असं विचारतात. रिपोर्ट प्रवाशाकडूनच घेतात. पासपोर्ट तुमच्या खिशात, चिठ्ठी तुमच्याकडे. नंबर मिळाल्यानंतरचं सगळं आमच्याकडे, त्याचा एक रुपया घेत नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे, पण मुदती कडक आहेत. विमानप्रवासातल्या भरपाईचा १९९९ चा माँट्रियल करार भारताला २००९ पासून लागू आहे. बॅग फुटली असेल तर ७ दिवसांत लेखी तक्रार, उशिरा आली असेल तर हातात आल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरतात. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे रुपयांत दीड लाखाच्या वर. ही मर्यादा झाली. हातात पडतं ते सिद्ध होईल तेवढंच. सोनं आणि औषधं जवळच्या पिशवीत ठेवा, बॅग भरल्यावर आतला फोटो काढा. प्रवास विम्यालाही पीआयआर लागतोच. शिवाय बहुतेक पॉलिसी परदेशात बॅग उशिरा आली तर पैसे देतात, भारतात परतताना उशीर झाला तर देत नाहीत. पॉलिसी घेताना आम्ही हे सांगतो, पण तेव्हा ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नसतं.

आता तिकिटाचं. ॲपवर दोन वेगळी तिकिटं जोडून काही हजार वाचतात, खरं आहे. पण पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, तिकीट बुडतं. बॅगाही मध्येच उतरवून पुन्हा चेक-इन कराव्या लागतात, आणि त्यासाठी काही देशांत व्हिसा लागतो. एकाच पीएनआरवर तिकीट असलं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची. आम्ही एकाच पीएनआरचा आग्रह धरतो तो कमिशनसाठी, असं काही जण म्हणतात. कमिशन मिळतंच, दुकान चालवतो आम्ही. पण मध्यरात्री परक्या विमानतळावर अडकलेल्या माणसाला विचारून बघा.

अमेरिकेला मुलाकडे जाणाऱ्या आई-वडिलांसाठी: टॅगवर शेवटच्या शहराचं नाव असलं तरी अमेरिकेत पहिल्यांदा उतराल तिथे बहुतेक वेळा बॅगा स्वतः उचलायच्या, कस्टम करून पुन्हा द्यायच्या. तिथे न उचललेली बॅग तिथेच राहते.

पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका. स्कॅनरमध्ये दिसली की बॅग बाजूला काढतात, आणि विमान तिच्यासाठी थांबत नाही. सुकं खोबरंही नको. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बॅगेतून खुशाल न्या; फक्त चटणी दोन पिशव्यांत घाला, चादरीवर तेल उतरतं. मागच्या प्रवासाचे जुने टॅग काढून टाका, यंत्र गोंधळतं.

आमच्याकडून तिकीट घेतलं की बॅगांचे फोटो आम्ही फाइलला ठेवतो, नावाची कार्डं आत-बाहेर लावून देतो. रात्रीचा फोन नंबर तिकिटाच्या पाकिटावर आहे. वजनकाटा ऑफिसात आहे. तिकीट दुसरीकडचं असलं तरी बॅग आणून मोजा. निघायच्या आदल्या दिवशी आलात तर बरं. रात्री आठनंतर शटर अर्धं असतं, आवाज द्या.