इंदूरचे सहकलाकार

इंदुरात जन्मलेले, वाढलेले किंवा तेथील रंगभूमीवर घडलेले आणि चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका व वेबमालिकांत मुख्यतः दुय्यम भूमिका करणारे नट-नट्या म्हणजे इंदूरचे सहकलाकार. धंद्याच्या बोलीत त्यांना ‘कॅरेक्टर आर्टिस्ट’ म्हणतात. नायकाचा मित्र, नायिकेचा नवरा, वकील, पोस्टमास्तर, मुनीम, आत्या, शेजारीण अशी कामे त्यांच्या वाट्याला येतात. गर्दीत उभे राहणारे ज्युनियर आर्टिस्ट यांच्यात मोडत नाहीत. त्यांना बहुधा संवाद नसतो, आणि त्यांच्या संघटनाही निराळ्या आहेत.

होळकरांच्या राजवटीमुळे इंदुरात मराठी वस्ती जुनी आहे. रामबाग, लोकमान्य नगर, टिळक नगर, राजेंद्र नगर या भागांत आजही घराघरांत मराठी बोलली जाते. गणेशोत्सवातले नाटक हा या वस्तीचा पिढ्यानपिढ्यांचा शिरस्ता. चित्रपटाच्या वितरणात ‘सी. आय.’, म्हणजे सेंट्रल इंडिया सर्किटचे इंदूर हे मोठे केंद्र राहिले. शहरात वितरकांची कार्यालये होती, चित्रपटगृहे होती, सिनेमाची चर्चा तर भरपूर होती. स्टुडिओ मात्र नव्हता. ज्याला पडद्यावर जायचे त्याला मुंबई गाठावी लागे. ज्याला घर सोडणे शक्य नसे तो नाटक आणि आकाशवाणी यांवर आयुष्य काढी. इंदूरच्या सहकलाकारांच्या कारकिर्दी या दोन वाटांनी गेल्या आहेत, आणि दुसरी वाट पहिलीपेक्षा हलकी मानण्याचे काही कारण नाही.

मुंबईला गेलेले

लता मंगेशकर यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरच्या सिख मोहल्ल्यात झाला. त्यांचा उल्लेख या विषयात अनपेक्षित वाटेल, पण १९४२ मध्ये वडील दीनानाथ गेल्यावर घर चालवण्यासाठी त्यांनी काही वर्षे चित्रपटांत छोटी कामे केली. ‘पहिली मंगळागौर’ (१९४२), ‘माझं बाळ’ (१९४३), ‘बडी माँ’ (१९४५) ही त्यांतली काही. तोंडाला रंग लावून दिव्यांच्या झोतात उभे राहणे आपल्याला कधीच आवडले नाही, असे त्या पुढे मोकळेपणाने सांगत. पोटासाठी पत्करलेली दुय्यम भूमिका हा या व्यवसायाचा नेहमीचा भाग आहे, आणि तो इतक्या मोठ्या कलावंतालाही चुकला नाही.

जॉनी वॉकर या नावाने गाजलेले बद्रुद्दीन काझी (जन्म १९२६) इंदूरच्या गिरणी कामगाराचे चिरंजीव. गिरणी बंद पडल्यावर कुटुंब मुंबईला गेले, तिथे ते ‘बेस्ट’मध्ये कंडक्टर झाले आणि बलराज साहनी यांच्या शिफारशीवरून गुरुदत्तांच्या ‘बाजी’त (१९५१) आले. त्यांची पुढची कहाणी सर्वज्ञात आहे.

सलीम खान (जन्म १९३५) यांची नटाची कारकीर्द मात्र पटकथालेखनाच्या यशाखाली झाकली गेली. इंदुरातल्या एका लग्नात दिग्दर्शक के. अमरनाथ यांनी त्यांना पाहिले आणि दरमहा ४०० रुपयांवर मुंबईला बोलावले. त्यानंतरची बरीच वर्षे ते लहानसहान भूमिका करत राहिले. ‘तीसरी मंझिल’मध्ये (१९६६) ते नायकाचे मित्र आहेत. त्याच वर्षीच्या ‘सरहदी लुटेरा’च्या वेळी त्यांची आणि ग्वाल्हेरात जन्मलेल्या जावेद अख्तर यांची गाठ पडली. पुढे या जोडीने लिहिलेल्या पटकथांत एकदोन प्रसंगांपुरती येणारी पात्रेही लक्षात राहण्याइतकी ठसठशीत असतात. आपण स्वतः कित्येक वर्षे अशाच जागी उभे होतो याचा तो परिणाम असावा, असे मानायला जागा आहे.

विजयेंद्र घाटगे

इंदूरशी नाते असलेल्या मराठी सहकलाकारांत विजयेंद्र घाटगे यांची कारकीर्द सर्वात बारकाईने पाहण्याजोगी आहे. घराणे कागलच्या घाटग्यांचे, आजोळ होळकरांचे. तुकोजीराव होळकर (तिसरे) हे त्यांचे आईकडचे आजोबा. उंच, देखणे, बोलण्यात अदब. नायक होण्यासाठी जे लागते ते सारे त्यांच्यापाशी होते, तरी त्यांच्या ओळखीच्या भूमिका नायकाच्या पलीकडच्या माणसाच्या आहेत.

‘चितचोर’मध्ये (१९७६) गावात इंजिनियर येणार म्हणून मुलीच्या घरी तयारी चालते, येतो भलताच तरुण, आणि त्यालाच इंजिनियर समजले जाते. खरा इंजिनियर सुनील नंतर येतो; ती भूमिका घाटग्यांची. तो येईपर्यंत गोष्ट सुखाची आहे, तो आला की घरातले सगळे बदलतात. हे पात्र जर उर्मट किंवा हास्यास्पद झाले असते तर चित्रपट सरळ बाळबोध झाला असता. घाटग्यांनी त्याला सज्जन ठेवले. आईला हा जावई का हवा हे प्रेक्षकाला पटते, आणि मुलीची अडचण त्यामुळेच खरी वाटते.

‘प्रेम रोग’मध्ये (१९८२) ते नायिकेचे पती आहेत. लग्नानंतर थोडक्याच काळात या पात्राचा मृत्यू होतो आणि विधवेच्या वाट्याला येणारे जिणे हा चित्रपटाचा विषय उभा राहतो. पडद्यावरचा वेळ अगदी थोडा. पण तेवढ्यात हा नवरा भला वाटला पाहिजे, नाहीतर पुढच्या दुःखाला वजन येत नाही. वीस वर्षांनी ‘देवदास’मध्ये (२००२) ते पारोचे वयस्क जमीनदार पती झाले. पहिल्या बायकोच्या आठवणीत राहणारा आणि शेवटी हवेलीचा दरवाजा बंद करायला लावणारा हा माणूस खलनायक नाही, त्याच्या घराण्याच्या रीतीने वागणारा आहे. तिन्ही भूमिका एकाच जातीच्या आहेत: ज्याच्याशी नायिकेचे लग्न ठरते किंवा होते, पण जीव जडत नाही असा पुरुष. अशा भूमिकेत नटाला सहानुभूती मिळवायची असते, मात्र नायकाच्या वाट्याची घ्यायची नसते. ते माप घाटग्यांनी फार नेमके सांभाळले. दूरदर्शनवरच्या ‘बुनियाद’मुळे (१९८६) ते घरोघरी पोचले, फाळणीच्या काळातील कुटुंबाच्या त्या दीर्घ कथेत त्यांना पात्र वाढवत नेण्याची सवड मिळाली.

इंदुरात राहिलेले

शहरात राहिलेल्या कलावंतांची मुख्य शाळा म्हणजे हौशी नाटक. बाबा डिके यांची ‘नाट्यभारती’ ही त्यातली सर्वात परिणामकारक संस्था. ‘नई दुनिया’चे संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णू चिंचाळकर (गुरुजी) अशी माणसे या वर्तुळात होती आणि देवासला राहणारे कुमार गंधर्व यांच्याशी त्यांचा घरोबा होता. अशा संगतीत घडलेल्या नटाला वाचन, चित्रकला, गाणे यांचे संस्कार आपोआप मिळत. गांधी हॉल, रवींद्र नाट्यगृह येथे प्रयोग होत. पुढे ‘सानंद न्यास’मुळे मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटके सभासदांसाठी नियमित येऊ लागली. सानंदच्या सभासद गटांना रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार अशी जुन्या जाणकारांची नावे आहेत. प्रेक्षकाची चव यामुळे टिकली. स्थानिक नटांना मात्र त्या देखण्या प्रयोगांशी तुलना सोसावी लागली, हेही खरे.

या हौशी नटांचा दिवस ठरलेला असे. बँक, वीज मंडळ, शाळा किंवा सरकारी कचेरी संध्याकाळी सुटली की स्कूटरवरून तालमीला. एखाद्या संस्थेची खोली किंवा कुणाच्या घरची गच्ची हीच तालमीची जागा. खुर्च्या उलट्या मांडून दार-खिडकी धरायची, कपबशी नसताना चहा प्यायचा, नऊ वाजले की ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्या बायकांचे प्रवेश आधी उरकायचे. महिनाभराच्या तालमीनंतर प्रयोग एक, फार तर दोन. व्यावसायिक नट शंभर प्रयोगांत भूमिकेत जे शोधतो ते या मंडळींना तालमीतच शोधावे लागते. त्यामुळे त्यांची पाठांतरे पक्की आणि तयारी आधीच झालेली असते. चित्रीकरणात दिग्दर्शकाला नेमके हेच हवे असते, कारण एकदोन दिवसांच्या कलावंतासाठी तालमीला कोणी वेळ देत नाही.

दुसरी शाळा आकाशवाणी. इंदूर केंद्र २२ मे १९५५ रोजी सुरू झाले. त्याची इमारत ‘मालवा हाउस’ म्हणून ओळखली जाते. ग्रामीण कार्यक्रमातली नंदाजी-भेराजी ही माळवी बोलणारी जोडी इथलीच, आणि तिची लोकप्रियता एखाद्या चित्रपटातल्या नटालाही हेवा वाटावा अशी होती. नाटकासाठी आवाजाची चाचणी होऊन कलावंतांना श्रेणी मिळे आणि श्रेणीप्रमाणे मानधन. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत संहितेचे कागद सुटे ठेवायचे, पान उलटताना आवाज होऊ द्यायचा नाही, दुरून हाक मारायची तर मायक्रोफोनपासून तोंड फिरवायचे, कुजबुजायचे तर जवळ जायचे पण श्वास अंगावर येऊ द्यायचा नाही, अशी ही शिस्त. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय लागलेल्या नटाला इथे आवाज उतरवावा लागे. पुढे कॅमेऱ्यासमोर उभे राहिल्यावर सर्वात उपयोगी पडते ती हीच शिकवण. नुसत्या रंगमंचावर वाढलेला नट जवळच्या शॉटमध्ये भडक वाटतो.

या दोन्ही वाटा एकत्र आल्या त्या स्वानंद किरकिरे यांच्यात. आई-वडील दोघेही शास्त्रीय गायक, बालपण इंदुरात, नंतर राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि मुंबई. त्यांची ख्याती गीतकार म्हणून झाली आणि गीतांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. पण ‘चुंबक’ या मराठी चित्रपटात त्यांनी प्रसन्न हा निरागस, मंदबुद्धी मध्यमवयीन माणूस केला आणि २०१८ च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेता ठरले. मोबाइलवरच्या फसव्या निरोपाला भुलून मुंबईला आलेला हा माणूस आणि त्याला फसवू पाहणारा हॉटेलातला पोऱ्या यांची ती गोष्ट आहे. अशी भूमिका दयेला हात घालून सहज निभावता येते. किरकिऱ्यांनी प्रसन्नला स्वतःचा हट्ट आणि स्वतःचे तर्कशास्त्र दिले, म्हणून त्याच्यावर माया जडते.

काम मिळण्याची रीत

पूर्वी ओळखीने काम मिळे. आता बोलावणे मोबाइलवर येते. मुंबईचा कास्टिंग डायरेक्टर स्थानिक सहायकाकडे वय, अंगलट आणि भाषा कळवतो. सहायक नाटकवाल्यांच्या गटात निरोप टाकतो आणि कलावंत घरीच ‘सेल्फ टेप’ करतो. साध्या भिंतीपुढे उभे राहून नाव, वय, उंची, गाव सांगायचे, डावी-उजवी बाजू दाखवायची आणि दिलेले संवाद म्हणायचे. समोरच्याचे संवाद घरातले कोणीतरी कॅमेऱ्यामागून वाचते. साठीच्या नटाला ही रीत सुरुवातीला अपमानकारक वाटते. तरी नाट्यगृहाच्या तिसऱ्या रांगेत दिग्दर्शक बसला असेल या आशेवर वर्षे काढण्यापेक्षा ती बरी.

इंदूरहून सुमारे ९० किलोमीटरवरील महेश्वरचे घाट आणि किल्ला यांमुळे चित्रीकरण दाराशी आले. ‘अशोका’ (२००१), ‘यमला पगला दीवाना’ (२०११), ‘पॅडमॅन’ (२०१८), ‘दबंग ३’ (२०१९) यांचे काही ना काही भाग तेथे चित्रित झाले. मध्य प्रदेशच्या २०२० च्या चित्रपट पर्यटन धोरणात स्थानिक कलावंत घेणाऱ्या निर्मात्यांना जादा अनुदानाची तरतूद होती. त्यामुळे पुजारी, तलाठी, दुकानदार अशी कामे इंदूर-उज्जैनच्या नटांकडे येऊ लागली. धोरणाचा लाभ खरा आहे, पण तो बहुधा दोन-चार वाक्यांच्या भूमिकांपुरता; मोठी सहभूमिका मुंबईतच ठरते.

मानधनाचा हिशेब नवख्याला गोंधळात पाडतो. मालिकांचे पैसे सर्वसाधारणपणे ९० दिवसांनी येतात, मधला कोऑर्डिनेटर त्याचे कमिशन कापून घेतो, वर टीडीएस. मुंबईत स्थायिक झालेले नट ‘सिंटा’ या १९५८ पासूनच्या संघटनेचे सभासद होतात आणि थकबाकीची तक्रार तिथे नेऊ शकतात. गावाकडून दोन दिवसांसाठी आलेल्या कलावंताला ती वाट बहुतेक माहीत नसते. म्हणूनच नोकरी सांभाळून किंवा निवृत्तीनंतर या कामाला लागणाऱ्यांचे प्रमाण इंदुरात मोठे आहे.

स्त्रियांची कारकीर्द याहून तुटक. विशीत स्पर्धा गाजवलेली नटी लग्न, बदली, मुले यांत दिसेनाशी होते आणि पन्नाशीत पुन्हा उभी राहते ती थेट आजीच्या भूमिकेत. मधली पंचवीस वर्षे, म्हणजे नटीची ऐन उमेद, कोणत्याही नामावलीत सापडत नाहीत. पहाटेचा कॉल, महेश्वरपर्यंतची गाडी आणि रात्रीची परत यायची सोय एवढ्या साध्या गोष्टींवर कित्येकींचे होकार-नकार ठरले आहेत.

नोंदी

सहकलाकारांविषयी लिहिणाऱ्यापुढची मोठी अडचण साधनांची. जुन्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत पात्रांची नावे नसत, नुसती नटांची रांग असे, आणि शेवटी ‘व इतर’. कोणता चेहरा कोणाचा हे त्यातून कळत नाही. वेबमालिकांत पूर्ण नामावली असते, पण पुढचा भाग आपोआप सुरू होत असल्याने ती फारसे कोणी वाचत नाही. हौशी नाटकांच्या पुस्तिका, स्पर्धांची प्रमाणपत्रे, वर्तमानपत्रांतली परीक्षणे घराघरांत विखुरलेली आहेत आणि घर बदलताना ती रद्दीत जातात. त्यांतल्या त्यात आकाशवाणीची करारपत्रे सर्वात भरवशाची, कारण तारीख, कार्यक्रम आणि मानधन तिन्ही त्यांत एकत्र असतात. ज्या कुटुंबांकडे ती शिल्लक आहेत त्यांनी त्यांच्या प्रती शहरातल्या एखाद्या ग्रंथालयात द्याव्यात. या कलावंतांचा कालानुक्रम त्यांवरूनच लावता येईल.