फिरता मध्यरक्षक (फुटबॉल)

एका संघात स्थिर न होता ज्याची व्यावसायिक कारकीर्द एकदोन हंगामांच्या करारांनी अनेक संघांत विभागली जाते, असा मधल्या फळीतील फुटबॉलपटू. इंग्रजी ‘जर्नीमन’ या शब्दासाठी येथे ही संज्ञा योजली आहे.

‘जर्नी’ म्हणजे प्रवास, म्हणून गावोगाव फिरणारा तो जर्नीमन, अशी व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते. ती ग्राह्य वाटत नाही. शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंचमधील ‘दिवसभराचे काम’ या अर्थाच्या शब्दात असून, उमेदवारी संपलेला पण स्वतःचे दुकान नसलेला, उस्तादाकडे रोजाने राबणारा कारागीर असा त्याचा अर्थ साधारणतः 15व्या शतकापासून आढळतो. खेळाडूंना तो बऱ्याच नंतर लावला गेला. संकल्पनेचा गाभा भटकंती नसून मजुरीची मुदत हा आहे, आणि त्या दृष्टीने विदर्भातील सालगडी तिला अधिक जवळचा ठरतो. गुढीपाडव्याला साल ठरते, काही रक्कम उचल म्हणून आधी मिळते, उरलेली मजुरी रोख व धान्यात फिटते आणि पुढच्या पाडव्याला गडी तेथेच राहतो किंवा दुसरे घर धरतो. सालगड्याची बोली बहुधा तोंडी असते. खेळाडूचा करार मात्र लेखी असून त्याची संघटनेकडे नोंदणी करावी लागते.

करार संपताच दुसरा संघ धरण्याची मोकळीक फुटबॉलपटूला उशिरा मिळाली. करार संपल्यावरही जुना संघ नव्या संघाकडून शुल्क मागू शकत असे. बेल्जियमच्या लिएज संघाचा जाँ-मार्क बोसमन हा स्वतः मध्यरक्षकच होता. 1990 मध्ये त्याचा करार संपला, तेव्हा त्याला पूर्वीच्या सुमारे चौथाई वेतनाचा नवा करार देऊ करण्यात आला आणि फ्रान्समधील डंकर्क संघाकडे जाण्याची त्याची वाट अडली. युरोपीय न्यायालयाने 15 डिसेंबर 1995 रोजी त्याच्या बाजूने निर्णय देऊन युरोपीय महासंघाच्या (ईयू) सदस्य देशांत अशा शुल्काला मनाई केली. मात्र तोवर त्याची उमेदीची वर्षे गेली होती, ही गोष्ट या निर्णयाची महती सांगताना सहसा गाळली जाते.

फिरत्या खेळाडूंमध्ये नाव झाले ते उरुग्वेचा आघाडीवीर सेबास्टियन अब्रेऊ किंवा जर्मन गोलरक्षक लुट्झ फानेनश्टील यांचे. गोल आणि अडवलेले फटके मोजता येतात. दोन बचावपटूंमधली मोकळी जागा हेरून तेथे आधीच जाऊन उभे राहणे मोजणे कठीण. शिवाय मध्यरक्षकाचे काम संघरचनेवर अवलंबून असते. प्रशिक्षक बदलला आणि मधल्या फळीत तिघांऐवजी दोघेच उरले, की पहिली जागा बहुधा फिरत्या मध्यरक्षकाचीच जाते.

विदर्भात कामठी (छावणी 1821) व नागपूर येथे फुटबॉल रुजला. ग्रामीण भागात कबड्डीचे सामनेच अधिक भरतात. इंडियन सुपर लीगसारख्या देशातील वरच्या व्यावसायिक स्पर्धांत विदर्भाचा संघ नसल्याने येथील मध्यरक्षकाची व्यावसायिक वाटचाल बाहेरूनच सुरू होते. चालू करारातील खेळाडूच्या हस्तांतर शुल्कातील 5 टक्के रक्कम त्याला वयाच्या 12 ते 23 वर्षांदरम्यान घडवणाऱ्या संघांमध्ये वाटण्याची फिफाची तरतूद आहे. परंतु करार संपवून जाणाऱ्या खेळाडूसाठी शुल्कच नसल्याने तो वाटाही उरत नाही. गावाकडे अनेक मैदाने काळ्या मातीची असतात. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती बुटांना चिकटते, आणि जमिनीलगतचा अचूक पास, जो मध्यरक्षकाच्या खेळाचा पाया, तोच येथे शिकणे सर्वांत अवघड जाते.