बोगनवेल: नावातली ‘वेल’ आली कुठून?

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ वर गेला की गुलाब माना टाकतात आणि कुंपणावरची बोगनवेल राणी रंगाने नुसती पेटलेली असते. पाणी तोडलं की ती जास्त फुलते, हे इथल्या कुठल्याही माळ्याला सांगावं लागत नाही. घोळ आहे तो नावाचा. बोगनवेल, बोगनवेलिया, बोगनव्हिला, रोपवाटिकांच्या पाट्यांवर सगळं सापडतं.

झाड मूळचं दक्षिण अमेरिकेचं. पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या फ्रेंच मोहिमेतल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६७ मध्ये रिओ द जानेरोजवळ ते टिपलं आणि मोहिमेचा प्रमुख बुगँव्हिल याचं नाव त्याला दिलं. नमुने गोळा करायला, ओझी वाहायला त्या वनस्पतिशास्त्रज्ञासोबत पुरुषवेशातली एक बाई होती. तिचा या नावात मागमूस नाही, हे आजही खटकतं.

१७८९ मध्ये नाव पहिल्यांदा छापलं गेलं, तेव्हा स्पेलिंगमधले ‘ओ’ आणि ‘ए’ गळाले. पहिलं छापील रूप कायम, असा नामकरणाचा रिवाज. त्यामुळे दीर्घकाळ दोन्ही स्पेलिंगं चालली. अखेर आडनावाशी जुळणारं रूपच नियमाने राखून ठेवलं गेलं. ज्याचं नाव द्यायचं त्याचं ते धड तरी लिहावं, म्हणून मला हा निर्णय योग्य वाटतो.

मराठीत मात्र हाच न्याय लावून ‘बोगनवेल’ अशुद्ध ठरवतात, ते पटत नाही. फ्रेंच ‘व्हिल’ म्हणजे नगर. आपल्या कानांना त्यात ‘वेल’ ऐकू आली आणि झाड भिंतीवर चढणारं असल्याने शब्द घट्ट बसला. तो आता आपला आहे. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ती अस्सल वेलही नाही. तिला तणावे नसतात, काट्यांचा आधार घेत ते झुडूप वर सरकतं. आपण फूल म्हणतो ती तीन रंगीत छदं, म्हणजे फुलाजवळची रूप बदललेली पानं. गुच्छ हातात घेऊन पाहा, प्रत्येक छदाच्या मधल्या शिरेला एक पांढुरकी बारीक नळी चिकटलेली दिसेल. तेच फूल. गुलबक्षी आणि पुनर्नवा तिच्याच कुळातल्या.

एकोणिसाव्या शतकात ती कोलकात्यात आली आणि पुढे इथेच नवे वाण निघाले. पांढरे आणि राणी गुच्छ एकाच झाडावर देणारा ‘मेरी पामर’ त्यातलाच. आज जगभरच्या वाणांची नोंद दिल्लीतली एक कृषी संशोधन संस्था ठेवते. सोलापुरात त्यांतले मोजकेच दिसतात. रस्त्यांच्या दुभाजकांत अजून जुनी राणी बोगनवेलच जास्त.