खोल समुद्रातील जीवसृष्टीवर पीएच.डी.: गोव्याच्या एनआयओमध्ये प्रवेश कसा घ्यावा

दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, म्हणजे एनआयओ, स्वतः पदवी देत नाही. तिथे काम करणारे बहुतेक विद्यार्थी एसीएसआयआर (अकादमी ऑफ सायंटिफिक अँड इनोव्हेटिव्ह रिसर्च) या अकादमीत नाव नोंदवतात आणि पदवीही तिचीच मिळते. त्यामुळे अर्ज अकादमीच्या पोर्टलवर करायचा, विषयशाखा जीवशास्त्र निवडायची आणि प्रयोगशाळा म्हणून एनआयओ भरायची. प्रवेश वर्षातून दोनदा होतात: जानेवारी आणि ऑगस्ट सत्रासाठी.

पात्रतेत खरी अडचण फेलोशिपची असते. प्राणीशास्त्र, सागरी विज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांपैकी कशातही एम.एस्सी. चालते, पण सोबत राष्ट्रीय पातळीवरची फेलोशिप हवी. नेहमीचा मार्ग सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप. त्यासाठी एम.एस्सी.ला खुल्या गटात आणि ईडब्ल्यूएसला ५५ टक्के, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि दिव्यांगांना ५० टक्के लागतात. जीवविज्ञानाचा पेपर २०० गुणांचा, तीन तासांचा. यात क भागाचेच १०० गुण आहेत: ७५ पैकी २५ प्रश्न, प्रत्येकी ४ गुण, आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. उत्क्रांती आणि परिसंस्थेचे प्रश्न याच पेपरात येतात, त्यामुळे या विषयाकडे वळणाऱ्यांनी ती दोन प्रकरणे सोडू नयेत. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची डीएसटी-इन्स्पायर फेलोशिप हा दुसरा मार्ग. जेआरएफला पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, नंतर मूल्यमापन होऊन ४२,००० रुपये. घरभाडे भत्ता वेगळा.

कागदपत्रे: दहावीपासूनच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, फेलोशिपचे पत्र, जातीचा दाखला, फोटो, ओळखपत्र. विद्यापीठाने फक्त सीजीपीए दिला असेल तर टक्केवारीत रूपांतराचे पत्र परीक्षा विभागातून आधीच घ्या.

महाराष्ट्रातले अर्ज सर्वाधिक अडकतात ते जातीच्या दाखल्यावर. राज्याचे नॉन-क्रीमी लेअर इथे चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो आणि तो सेतू केंद्रात वेगळा मागावा लागतो. केंद्रात व्हीजेएनटी किंवा एसबीसी हे प्रवर्ग नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तरच त्या गटातून अर्ज करता येतो. एसईबीसीला केंद्रात आरक्षण नाही. ईडब्ल्यूएसचा दाखलाही केंद्राच्याच नमुन्यातला आणि चालू आर्थिक वर्षाचा हवा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, असे असेल तर अर्जात दहावीप्रमाणेच नाव भरा.

अर्जाआधी मार्गदर्शकाला ईमेल करा. त्यांच्याकडे जागा आहे का, हे पत्राशिवाय कळत नाही. ईमेल एका पानाचा: कोणते प्राणी, कोणता प्रश्न, कोणते नमुने. यातला तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. मध्य हिंदी महासागरात पाच हजार मीटरवरचा गाळ आणायचा तर जहाज लागते, आणि जहाजाचे वेळापत्रक विद्यार्थ्याच्या हातात नसते. हवामान बिघडले, यंत्र अडले, की सफर पुढे जाते. म्हणून संस्थेत आधीच जमा असलेल्या नमुन्यांवर निम्मे काम होईल असा विषय घ्या. ते नमुने कशात ठेवले आहेत तेही विचारा: बराच काळ फॉर्मॅलिनमध्ये राहिलेल्या प्राण्यांची रचना पाहता येते, पण त्यांचा डीएनए तुटलेला असतो. उत्क्रांतीचा वृक्ष उभारायचा तर इथेनॉलमधले किंवा गोठवलेले नमुने हवेत. मुलाखतीत हा प्रश्न निघतोच, आणि ज्याने आधी विचार केला आहे तो लगेच ओळखू येतो.

प्रवेशानंतर कोर्सवर्क असते आणि ग्रामीण भागातला सहा ते आठ आठवड्यांचा सामाजिक प्रकल्पही करावा लागतो. तो पावसाळ्यात उरकला तर भर समुद्रातल्या सफरींशी गाठ पडत नाही. सफरीसाठी वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला लागतो; त्याची तयारी निघायच्या आठवड्यात न करता नाव यादीत आल्याबरोबर करावी.