नागीण उतरवली, पण रक्त कुणी तपासलं?

माझ्या मावशीच्या गावचा एक ट्रक ड्रायव्हर, वय 34, त्याला छातीच्या डाव्या बाजूला नागीण झाली. पाठीपासून पुढं बरगडीपर्यंत फोडांचा पट्टा. घरच्यांनी लगेच उतरवणाऱ्याकडं नेलं, गेरू लावला, मंत्र झाला, कारण नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो असं अजूनही सगळे मानतात. दोन-तीन आठवड्यांत फोड वाळले आणि उतरवणाऱ्याचं नाव झालं. पुढं दीड वर्षात त्याचं वजन 11 किलो उतरलं, तोंडात पांढरा बुरा आला, चार डॉक्टर झाले, सलाईनी झाल्या, टॉनिकं झाली. एचआयव्हीची टेस्ट कर असं कुणीच म्हणालं नाही. शेवटी टीबी निघाला, आणि टीबीच्या पेशंटची एचआयव्ही टेस्ट करायची पद्धत आहे म्हणून ती झाली, पॉझिटिव्ह आली.

आधी नागिणीचं सांगतो. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या तरी त्यांचा व्हायरस पाठीच्या कण्याजवळच्या नसांच्या गाठीत झोपून राहतो, आणि प्रतिकारशक्तीचा पहारा ढिला पडला की एकाच नसेवरून खाली उतरतो. ती नस शरीराच्या एकाच बाजूची असते, म्हणून पट्टा मध्यावर येऊन थांबतो, तोंड शेपटीला मिळत नाही ते यामुळं, मंत्रामुळं नाही. म्हातारपणी पहारा ढिला पडतोच, पण तिशीतल्या धडधाकट माणसाला नागीण झाली तर पहारा का ढिला पडला हे विचारायलाच हवं. कारण एचआयव्हीच असेल असं अजिबात नाही, बहुतेकदा नसतोच, पण विचारायला एक थेंब रक्त लागतं.

आता माझ्या आवडीचा भाग. एचआयव्ही शिरल्यावर सुरुवातीला थोडा ताप वगैरे येतो आणि मग उपचाराशिवायही साधारण 8 ते 10 वर्षं माणूस ठणठणीत दिसतो. पूर्वी डॉक्टरांनाही वाटायचं की या काळात व्हायरस झोपलेला असतो. 1995 साली अमेरिकेत डेव्हिड हो आणि जॉर्ज शॉ यांच्या दोन वेगवेगळ्या टीमनी पेशंटना व्हायरसची वाढ रोखणारी नवी औषधं दिली आणि रक्तातला व्हायरस पुन्हा पुन्हा मोजला. शाळेतलं हौदाचं गणित आठवा, एक तोटी हौद भरते, दुसरी रिकामा करते. हौदातली पातळी वर्षानुवर्षं तीच दिसत असेल तर दोन शक्यता, दोन्ही तोट्या बंद आहेत किंवा दोन्ही धो धो वाहतायत. कुठली खरी ते वरची तोटी बंद करून बघितल्याशिवाय कळत नाही. औषधानं वरची तोटी बंद केली आणि पातळी धाडकन पडली, दोन आठवड्यांत साधारण शंभरपट. म्हणजे खालची तोटी सगळा वेळ जोरात चालू होती, आणि तरी पातळी टिकत होती तर वरचीही तितक्याच जोरात. पुढच्या वर्षी नेमका हिशोब आला: त्या ठणठणीत दिसणाऱ्या माणसाच्या अंगात रोज साधारण 1000 कोटी नवे व्हायरस तयार होतात, आणि व्हायरस शिरलेली सीडी4 पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीची पांढरी पेशी, जेमतेम दोन दिवस जगते. शरीर रोज नव्या पेशी उभ्या करतं, रोज त्या मारल्या जातात, आणि एक दिवस भरती कमी पडायला लागते.

अजून एक हिशोब. एचआयव्हीचा जनुकीय संदेश साधारण 10 हजार अक्षरांचा आहे, आरएनएत लिहिलेला, आणि पेशीत त्याचा डीएनए करताना जे एन्झाइम नक्कल करतं ते चुकतं फार, ढोबळमानानं तीन नकलांत एक चूक. रोज 1000 कोटी नकला म्हणजे 10 हजारांपैकी प्रत्येक अक्षराची चूक रोज कुठंतरी होतेच, त्यातली एखादी चूक औषधाला दाद न देणारी निघते, म्हणून एकच औषध दिलं की काही आठवड्यांत ते बोथट होतं. पण तीन वेगळ्या औषधांना चुकवणाऱ्या सगळ्या चुका एकाच नकलेत एकदम व्हाव्या लागतात आणि ते जवळजवळ अशक्य. म्हणून आजच्या एका गोळीत तीन औषधं असतात: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राव्हिर. पहिली दोन नक्कल अर्धवट तोडतात, तिसरं ती नक्कल आपल्या डीएनएत शिवू देत नाही. गोळ्या मध्येच सोडल्या की नकला परत सुरू, चुकाही परत सुरू.

काही पेशींत मात्र शिवलेली नक्कल गप्प पडून राहते. या पेशी दीर्घायुषी, आणि औषध फक्त वाहती तोटी बंद करतं, त्यामुळं हा साठा नुसत्या औषधानं संपायला हिशोबानं 70 वर्षांहून जास्त लागतील. उपचार जितका लवकर, तितका हा साठा लहान. आणि म्हणूनच काढ्यानं एचआयव्ही बरा करतो म्हणणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. आपल्या औषध नियमांच्या शेड्यूल जे मध्ये जे आजार बरे करण्याचा दावाच करता येत नाही त्यात एड्स पहिला आहे. होतं असं की पेशंट सरकारी गोळ्या घेत असतो, व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात व्हायरस किती ते मोजणाऱ्या, रिपोर्टवर 'सापडला नाही' येतं आणि श्रेय काढ्याला जातं, मग तो गोळ्या बंद करतो.

लवकर उपचारानं फरक पडतो हे नीट तपासून झालंय. रक्तातल्या सीडी4 पेशींची मोजणी 500च्या वर असलेल्या 4685 लोकांवर 35 देशांत झालेल्या स्टार्ट नावाच्या अभ्यासात, लगेच गोळ्या सुरू केलेल्यांत, थांबून सुरू केलेल्यांपेक्षा, गंभीर आजार आणि मृत्यू 57 टक्क्यांनी कमी निघाले, 2015 मध्ये. त्याआधी 2011 मध्ये एकालाच लागण असलेल्या 1763 जोडप्यांच्या अभ्यासात, ज्यात पुण्याची आणि चेन्नईचीही जोडपी होती, लवकर उपचारानं जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटली. भारतात मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीचा औषधोपचार, 1 एप्रिल 2004 ला सुरू झाली तेव्हा सीडी4 बरेच खाली येईपर्यंत थांबायचे, 2017 पासून ती अट गेली, निदान झालं की उपचार.

म्हणजे गोळी तयार आहे, मोफत आहे, अडतंय ते टेस्टपाशी. गरोदर बाईची टेस्ट होते, टीबीवाल्याची होते, पण तिशी-चाळिशीतला गडी या कुठल्याच जाळ्यात येत नाही, तो येतो नागीण, जुलाब, गुप्तरोग, वजन घटलं असं काहीतरी घेऊन गावच्या पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथंच त्याला विचारायला हवं. बऱ्याच पीएचसीत किट असतं, बोटाला टोचायचं, थेंब किटवर टाकायचा, वरून द्रावणाचे थेंब, आणि 20 मिनिटांच्या आत रेघ. एक रेघ उठली तर ती कंट्रोलची, किट नीट चालतंय एवढंच सांगणारी. दुसरी उठली तर रिअ‍ॅक्टिव्ह. पॉझिटिव्ह नाही! हजार लोक तपासले, त्यात खरे बाधित 2, आणि किट हजारात 5 वेळा चुकतं असं धरलं तर रिअ‍ॅक्टिव्ह सातांपैकी पाच जण निरोगीच. म्हणून आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, वेगवेगळ्या तीन किटांवर तपासल्याशिवाय पॉझिटिव्ह रिपोर्ट देत नाहीत. उलट बाजूनं, लागण होऊन काहीच आठवडे झाले असतील तर किट ज्या शोधतं त्या अँटिबॉडी अंगात तयार झालेल्या नसतात, तेव्हा निगेटिव्ह आली तरी तीन महिन्यांनी परत करायची. संमतीशिवाय टेस्ट नाही आणि रिपोर्ट कुणाला सांगायचा नाही, हा 2017 चा कायदाच आहे. एचआयव्हीबद्दल काही विचारायला 1097 हा फुकट नंबर आहे.

तो ड्रायव्हर आता बरा आहे. टीबीचा कोर्स संपला, वजन भरलं, व्हायरल लोड सापडत नाही. गोळ्यांची डबी केबिनमध्ये देवाच्या फोटोमागं ठेवतो, ट्रक कुठंही असला तरी रात्री नऊला घेतो. सिव्हिलला टेस्ट झाली त्याच आठवड्यात बायकोचीही झाली, तीन महिन्यांनी परत झाली, निगेटिव्ह.