पिशवी किती फेऱ्यांत फिटते?

नवीकोरी सुती पिशवी एकदा बाजारात नेली आणि मग वर्षभर कपाटात पडून राहिली, तर तिच्यापेक्षा प्लॅस्टिकची पातळ कॅरीबॅग बरी. वाक्य खटकेल, पण कार्बनचा हिशेब तसाच निघतो. इंग्लंडच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने 2011 मध्ये तो मांडून दाखवला. कच्चा माल, कारखान्यातली वीज, वाहतूक, शेवटची विल्हेवाट असं सगळं त्यात धरलं होतं. पातळ प्लॅस्टिक पिशवी एकदाच वापरून टाकली जाते असं मानलं, तर तिच्याशी बरोबरी करायला कागदी पिशवी किमान 3 वेळा वापरावी लागते, जाड प्लॅस्टिकची 4 वेळा, पॉलिप्रॉपिलीनची (कापडासारखं दिसणारं प्लॅस्टिक) 11 वेळा आणि सुती 131 वेळा.

म्हणजे प्रत्येक पिशवी जन्मतःच डोक्यावर कर्ज घेऊन येते आणि बाजारच्या एकेका फेरीत ते थोडं थोडं फिटतं. सुती पिशवीचं कर्ज एवढं मोठं का, तर पहिलं कारण वजन. त्या अभ्यासातली पातळ पिशवी सुमारे 8 ग्रॅमची होती, सुती सुमारे 180 ग्रॅमची. दुसरं कारण कापूस. शेतात नत्रयुक्त खत टाकलं की त्यातल्या थोड्या भागाचा नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि हवा तापवण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून वरचढ आहे. पुढे सरकी काढणं, सूत कातणं, विणणं, धुणं, शिवणं, प्रत्येक पायरीला वीज आणि पाणी लागतं. प्लॅस्टिकचं काम त्यामानाने फार सोपं. इथिलीन वायूपासून केलेले पॉलिथिलीनचे दाणे वितळवायचे, त्यात हवा भरून लांबलचक फुगा काढायचा, तो चपटा करून कापायचा आणि चिकटवायचा.

डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या 2018 च्या अहवालात याहून धक्कादायक आकडा आहे: सुती पिशवी 7,100 वेळा वापरा! दर आठवड्याला एकदा म्हटलं तरी 136 वर्षं झाली. समाजमाध्यमांवर हा आकडा अधूनमधून फिरत असतो, बहुधा ‘बघा, कापडी पिशव्या म्हणजे थोतांड’ अशा शेऱ्यासकट. शेरा मारणाऱ्यांनी अहवाल उघडलेला नसतो. हवामानापुरतं पाहिलं तर त्याच अहवालात सुती पिशवीला 52 वेळा पुरतात. 7,100 हा आकडा हवामान, पाणी, ओझोन थर अशा पर्यावरणाच्या सगळ्या कसोट्यांवर एकाच वेळी पास होण्यासाठीचा आहे आणि तो फुगतो मुख्यतः ओझोन थराच्या एका कसोटीमुळे.

दोन्ही अभ्यासांत एक गोष्ट मात्र हिशेबात आलेलीच नाही, आणि आपल्यासाठी नेमकी तीच महत्त्वाची आहे. वापरून झालेली पिशवी उघड्यावर पडली तर काय होतं, याला त्या गणितात रकानाच नाही. डेन्मार्कमध्ये पिशवी कचऱ्याच्या डब्यात जाते, तिथून भट्टीत, आणि तिच्या उष्णतेवर वीज होते. आपल्याकडे ती नाल्यात जाते, कुंपणाला अडकते, गायीच्या पोटात जाते. गाय पिशवी गिळते ती आत उष्टं अन्न असतं म्हणून. चारा रवंथ होऊन बारीक झाला की पहिल्या कप्प्यातून पुढे सरकतो. पिशवी बारीकही होत नाही आणि पचतही नाही, त्यामुळे तिथेच साठत जाते. मग पोट फाडून काढण्यावाचून इलाज उरत नाही.

पातळ पिशवी रस्त्यावरच राहण्यामागे साधं व्यापारी कारण आहे. भंगार किलोवर विकलं जातं. पाच ग्रॅमची पिशवी असेल तर एका किलोसाठी 200 पिशव्या वेचायच्या, त्याही खरकट्याने माखलेल्या. कचरावेचक बाटली उचलतात आणि पिशवी सोडून देतात, यात नवल काय? सरकारी नियमांत जाडीवर एवढा भर आहे तो यासाठीच. केंद्राच्या नियमांनुसार 2021 च्या 30 सप्टेंबरपासून पिशवी किमान 75 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हवी होती आणि 2022 च्या अखेरीपासून 120 मायक्रॉनची. जाड पिशवी फुकट वाटायला दुकानदाराला परवडत नाही आणि भंगारात तिला थोडा तरी भाव येतो.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस मोजला आणि मुंबई बुडाली. त्याचं सगळं खापर पिशव्यांवर फोडणं चूकच. आक्रसलेली मिठी नदी, जुनी गटारं आणि समुद्राची भरती हे मोठे गुन्हेगार होते. पण जाळ्यांवर आणि मोऱ्यांत प्लॅस्टिक बसलं की पाणी तुंबतं, हे दर पावसाळ्यात आपण बघतोच. कार्बनच्या हिशेबात जिंकणारी पिशवी नाल्याच्या हिशेबात सपशेल हरते.

दोन्ही हिशेबांत जिंकणारी पिशवी हवी असेल तर ती नवीन घ्यायचीच नाही. जुन्या साडीची, विटलेल्या पडद्याची, बाबांच्या पँटच्या पायाची शिवायची. तिच्यातल्या कापसाचं कर्ज साडीने किंवा पँटने आधीच फेडलेलं असतं. उरतो तो शिलाईचा दोरा आणि शिलाई मशीनची थोडीशी वीज. लग्नात, उद्घाटनात, दिवाळी भेटीत छापील नाव घातलेल्या सुती पिशव्या वाटणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण घरात अशा पिशव्यांची चळत लागली की प्रत्येकीची वापरायची पाळी क्वचितच येते आणि सगळ्यांचं कर्ज तसंच राहतं.

दुसरी फसगत साड्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांत होते. रंगीत, कापडासारखी दिसणारी, हाताला किंचित खरखरीत अशी जी पिशवी तिथे मिळते, ती बहुतेक वेळा कापड नसतेच. ती नॉन-वोव्हन पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. वितळलेल्या प्लॅस्टिकचे बारीक तंतू पट्ट्यावर विस्कटून पसरतात आणि गरम रुळाने जागोजागी दाबून चिकटवतात. उजेडात धरा. आडवे-उभे धागे दिसणार नाहीत, ठरावीक अंतरावर दाबलेले ठिपके दिसतील. खात्री करायची तर छोटा तुकडा चिमट्यात धरून जपून पेटवा. सूत कागदासारखं जळतं आणि राख होतं. पॉलिप्रॉपिलीन आक्रसतं, वितळतं आणि गार झाल्यावर त्याची टणक गाठ बनते. भरपूर वापरली तर ही पिशवी वाईट नाही, 11 फेऱ्यांत फिटते. पण हलक्या प्रतीची पिशवी उन्हात राहिली की तिचे तुकडे पडू लागतात, आणि मग झाडूने तिचा भुगाच हाती लागतो.

आता माणसांकडे वळू, कारण पिशवी घरात असते आणि आपण हात हलवत बाजारात जातो. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीमध्ये 2012 पासून प्रत्येक पिशवीवर 5 सेंट कर लागला. त्याआधी काही दुकानं स्वतःची पिशवी आणणाऱ्याला तेवढीच, 5 सेंटची, सूट देत होती. अर्थशास्त्रज्ञ तातियाना होमोनॉफ यांनी दोन्हींचा परिणाम तपासला. सवलतीचा जवळजवळ काहीच उपयोग झालेला नव्हता. कर लागल्यावर मात्र दुकानातली पिशवी घेणाऱ्यांचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं. रक्कम तीच, पण मिळालेल्या पैशाच्या आनंदापेक्षा खिशातून गेलेला पैसा माणसाला जास्त बोचतो. आयर्लंडमध्ये 2002 ला 15 सेंटचं शुल्क आलं, तेव्हा माणशी वर्षाला 328 वरून पिशव्यांची संख्या 21 च्या आसपास उतरली.

महाराष्ट्राने उलटा रस्ता धरला: सरसकट बंदी आणि जबर दंड. 23 जून 2018 पासून पहिल्या वेळी 5,000 रुपये, दुसऱ्या वेळी 10,000 आणि तिसऱ्यांदा 25,000 रुपये व तुरुंग. पहिले काही आठवडे लोक खरोखर घाबरले होते. आज कुठल्याही मंडईत पाव किलो मिरची मागा, मिळेलच पातळ पिशवीत. कधीतरी होणाऱ्या मोठ्या दंडापेक्षा प्रत्येक वेळी जाणारे दोन रुपये सवय लवकर बदलतात, असं माझं मत आहे.

मासळी, मटण, दही यांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. ओल्या मालाला कापड चालत नाही. झाकणाचा स्टीलचा डबा न्यायचा आणि तोलण्याआधी रिकाम्या डब्याचं वजन वजा करून घ्यायचं. कापडी पिशवीत मातीच्या भाज्या आणि मासळीचं पाणी मिसळू द्यायचं नाही आणि इतर कपड्यांबरोबर ती धुवायची.

राहिला भाजीवाला. त्याला पिशवी विकत आणावी लागते, म्हणजे फुकट वाटण्यात नुकसान त्याचंच आहे. तरी तो देतो, कारण ‘पिशवी नाही’ म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यावर जातं. एकट्याने पैसे मागायला सुरुवात केली तर धंदा त्याचाच बसतो. आयर्लंडमध्ये ही अडचण आली नाही, कारण शुल्क सगळ्या दुकानांना एकाच दिवशी लागू झालं. ज्या मंडईत गाळेवाल्यांची संघटना आहे, तिथे कायद्याची वाट न बघताही हे एका बैठकीत ठरू शकतं.